गाव वसवतो कोण?

‘गनस्मोक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षे चालली. कॅन्सासमधले डॉज सिटी हे गाव तिच्यात मार्शल डिलनच्या पिस्तुलावर तगते. मला हे साफ अमान्य आहे! ते गाव १८७२ साली रेल्वेमुळे वसले, टेक्सासहून येणाऱ्या गुरांच्या व्यापारावर वाढले. आणि शस्त्र घेऊन गावात फिरण्यास तिथल्या नगरपालिकेनेच बंदी केली. इतिहासकार रॉबर्ट डिक्स्ट्रा यांनी असल्या पाच बाजारगावांतले १८७० ते १८८५ या काळातले खून मोजले. सगळे मिळून अवघे ४५! मालिकेचे भाग मात्र ६३५. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल उडवणाऱ्या आपल्या पोरांना एवढे जरूर सांगावे, की बार उडवून गाव गाजते. वसते ते कर भरणाऱ्या, कायदा पाळणाऱ्या साध्या माणसांच्या जिवावर.