स्वस्त कोणाच्या जिवावर?

‘साउथ-ईस्ट एशिया एकदम स्वस्त!’ हे वाक्य मीही मिरवलंय. बँकॉक, सिएम रीप, पिनांग, सिंगापूर. पाठीवर एक सॅक आणि फोनमध्ये पैशापैशाचा हिशोब. आज तो हिशोब उघडला की लाज वाटते.

अंगकोरचं एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर. ते मी निमूट काढलं, कारण दर छापील होता. मग दिवसभर उन्हात देवळं फिरवणाऱ्या टुकटुकवाल्याशी मात्र दोन डॉलरसाठी हुज्जत घातली, आणि जिंकलो म्हणून रीलही टाकलं! म्हणजे आपली घासाघीस चालते ती फक्त कमजोरापुढे. त्यालाच आपण ‘बजेट ट्रॅव्हल’ म्हणतो.

स्वस्त खाण्याला माझा विरोध नाही. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये जरूर जेवा. रस्त्यावरच्या विक्रेत्यांना तिथल्या सरकारने १९७०च्या दशकात छपराखाली आणलं, नळ दिले, गाळे दिले. २०२०मध्ये युनेस्कोने त्या खाद्यसंस्कृतीला वारसा म्हणून मान्यता दिली. तिथली चिकन राइसची प्लेट परवडते, त्यात या धोरणाचा वाटा आहे. आणि तासन्‌तास उकळत्या पातेल्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचाही. स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजतंच.

म्हणून पिनांगला आसाम लाक्सा ओरपा, पण पाटीवरचा भाव मुकाट द्या. मेथीच्या जुडीमागे पाच रुपये पाडून घ्यायची सवय विमानात चढताना इथेच टाकून जा.

परत आल्यावरही ती उचलू नका.