धूळपाटीवरची नवी अक्षरे

परवा मुदखेडला बहिणीकडे मुक्कामी होतो. भाची बी. ए. झालेली, सगळे शिक्षण मराठीतून. संगणकाच्या क्लासमध्ये तिला कोणीतरी सांगून ठेवले होते, "तुला प्रोग्रामिंग जमायचे नाही. टायपिंग शीक, तेवढे पुरे." पोरीने ते मनाला लावून घेतले होते. त्या रात्री मात्र ती लिहिण्यात गढली होती. मधेच ओरडली, "मामा, सगळ्या पायऱ्यांला एकच नंबर यायलाय!"

ती मराठी विकिपीडियासाठी मदतीचे पान लिहीत होती : नवा लेख कसा सुरू करावा, याच्या पायऱ्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो मीडियाविकी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो. मुक्त म्हणजे कोणीही वापरावे, उघडून पाहावे, सुधारावे. पण ते कसे वापरायचे हे आपल्या भाषेत लिहिलेले नसेल, तर दार उघडे असूनही आपण उंबऱ्याबाहेरच. आणि हे लिहायला इंजिनिअर लागत नाही. लागते ती खुणांची भाषा. तिला मार्कअप म्हणतात.

वाचकहो, ही कल्पना छापखान्यातली आहे. संपादक हस्तलिखितावर खुणा करी : हे ठळक घ्या, इथे नवा परिच्छेद करा. जुळारी त्याप्रमाणे खिळे जुळवी. १९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी संगणकासाठी अशीच खुणांची भाषा तयार केली. पुढे टिम बर्नर्स-ली यांनी इंटरनेटवरच्या पानांसाठी एचटीएमएल आणली, तीही याच घराण्यातली.

विकीच्या खुणा तर त्याहून सोप्या. शब्दांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बरोबरची चिन्हे (==) दिली की मथळा होतो. तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हे (''') दिली की अक्षर ठळक होते. दुहेरी चौकटी कंसात [[ ]] लेखाचे नाव घातले की त्या लेखाकडे वाट जाते. ओळीच्या आरंभी # दिले की पायऱ्यांना आपोआप क्रमांक पडतात. एवढ्यावर साधे पान उभे राहते.

मग भाचीचे क्रमांक का चुकले? तिने पान मोकळे दिसावे म्हणून दोन पायऱ्यांमध्ये कोरी ओळ सोडली होती. कोरी ओळ आली की यादी संपली, असे यंत्र समजते आणि पुन्हा १ पासून मोजू लागते. आणखी एका वाक्याभोवती चौकट आली होती. कारण एवढेच, की ओळ सुरू होण्याआधी चुकून एक जागा सुटली होती. दोन्ही दुरुस्त झाले तेव्हा पोरीचा चेहरा पाहण्यासारखा होता. आपण मूर्ख नाही, एक नियम ठाऊक नव्हता, इतकेच, हे तिला कळले.

खुणा बरोबर आल्या म्हणजे काम संपले नाही. तिने ते पान आईला वाचायला दिले. बहीण तिसऱ्या पायरीवर अडली. "ते बटन कुठं हाय, ते लिहिलंच नाहीस की!" भाचीने एक वाक्य वाढवले. मला वाटते, त्या रात्रीचे सर्वांत मोलाचे वाक्य तेच. जो स्वतः अडखळला आहे, त्यालाच दुसरा कुठे अडखळेल हे दिसते. मोठ्या जाणकाराला ते सुचत नाही.

या कामाला मोबदला नाही, हेही सांगून टाकतो. मात्र सॉफ्टवेअर कंपन्यांत अशी माहिती लिहिणारी पगारी माणसे असतात, आणि त्यांनाही खुणांच्या भाषा शिकाव्याच लागतात. म्हणजे शिकलेले वाया जात नाही.

चुकण्याची भीती वाटत असेल, तर मराठी विकिपीडियावर सरावाचे पान आहे. त्याचे नाव 'धूळपाटी'. शिवाय पानाची प्रत्येक जुनी आवृत्ती इतिहासात जपलेली असते. बिघडले तर पूर्ववत करता येते.

भाचीच्या पणजीच्या हाती धूळपाटी कधी आली नाही. पणतीच्या हाती आली आहे. आपल्या घरातल्या मुलामुलींनाही ती द्या. स्वतः ज्या एका गोष्टीवर अडला असाल, तिच्याविषयी एक पान लिहा, आणि शेजाऱ्याला वाचायला द्या.