रचना कागदावर, संधी मात्र रेकॉर्डिंगला : विद्यापीठातल्या तरुण कंपोझर्सचा पेच काय आहे?

15 एप्रिल 2013. अमेरिकेत पुलित्झर पुरस्कार जाहीर झाले. संगीताचा पुरस्कार मिळालेलं नाव होतं कॅरोलाइन शॉ. वय 30, आणि अजून प्रिन्स्टन विद्यापीठात पीएचडी सुरू. इतक्या कमी वयात संगीताचं पुलित्झर याआधी कुणालाच मिळालं नव्हतं.

पण यातली खरी गंमत वेगळीच आहे. तिची ‘पार्टिटा फॉर एट व्हॉइसेस’ ही आठ आवाजांसाठीची रचना तोपर्यंत पूर्ण, सलग अशी जाहीर कार्यक्रमात सादरच झाली नव्हती. तसा कार्यक्रम न्यूयॉर्कमध्ये झाला तो नोव्हेंबर 2013 मध्ये, म्हणजे पुरस्कार मिळून सहा-सात महिने उलटल्यावर.

मग पुलित्झर मिळालं कशाच्या जोरावर? 30 ऑक्टोबर 2012 ला प्रसिद्ध झालेल्या एका रेकॉर्डिंगच्या. ‘रूमफुल ऑफ टीथ’ या आठ गायकांच्या गटाचा तो पहिला अल्बम. शॉ स्वतः त्या गटात गायची. 2009 ते 2011 या काळात उन्हाळ्यात हा गट मॅसॅच्युसेट्समधल्या एका कलासंग्रहालयात एकत्र जमायचा, तिथे या रचनेचे चार भाग एकेक करून तयार झाले. पुढे तिने कान्ये वेस्टबरोबरही काम केलं, त्यामुळे रॅप ऐकणाऱ्यांनाही तिचं नाव ठाऊक झालं.

ही यशोगाथा सगळीकडे सांगितली जाते. त्यात एक गोष्ट मात्र सहसा सुटते. शॉच्या हातात पुरस्काराच्या वेळी एक उत्तम रेकॉर्डिंग होतं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात रचना शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांकडे नेमकं तेच नसतं.

कागदावरचं संगीत आणि कानावरचं संगीत

आपल्याकडे बंदिश बांधणारा बहुतेक वेळा स्वतः गाणारा असतो. भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’त बंदिशींची स्वरलिपी आहे, पण त्या पुस्तकावरून कुणी गायकाची पारख करत नाही. बंदिश कळते ती मैफलीत.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात कामाची वाटणी वेगळी आहे. कंपोझर प्रत्येक वाद्यासाठी प्रत्येक स्वर कागदावर लिहितो. या लिखाणाला स्कोअर म्हणतात. तो वाजवणारे लोक वेगळे. चार वादकांच्या रचनेला चार जण लागतात, पूर्ण वाद्यवृंदाच्या रचनेला साठ-सत्तर. म्हणजे विद्यार्थ्याने वर्षभर खपून सिम्फनी लिहिली, तरी ती प्रत्यक्षात कशी ऐकू येते हे कळायला त्याला साठ-सत्तर प्रशिक्षित माणसं, एक हॉल, एक कंडक्टर आणि तालमीचे तास हवेत. त्यातला प्रत्येक तास पैशांचा.

आणि रेकॉर्डिंग नसेल तर? स्पर्धेचे अर्ज, शिष्यवृत्त्या, पुढचा प्रवेश, नोकरी, सगळीकडे स्कोअरसोबत रेकॉर्डिंग मागतात. शेकडो अर्ज समोर असताना परीक्षक आधी प्ले बटण दाबणार की साठ पानांचा स्कोअर मनातल्या मनात वाचत बसणार, हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको.

हे सुरू कुठून झालं?

विद्यार्थ्यांच्या रचना प्रत्यक्ष वाजवून दाखवायची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात ईस्टमन स्कूल ऑफ म्युझिक आहे. तिथले संचालक हॉवर्ड हॅन्सन यांनी 1925 मध्ये अमेरिकन कंपोझर्सच्या नव्या रचनांचे ऑर्केस्ट्रा कार्यक्रम सुरू केले. तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांना युरोपातले दिवंगत संगीतकार वाजवण्यातच धन्यता वाटत होती. हॅन्सन यांचं म्हणणं साधं होतं : तरुणाने लिहिलेलं त्याला स्वतःला ऐकू आलं नाही, तर तो शिकणार कसा? पुढे 1950 च्या दशकात याच शहरातल्या वाद्यवृंदाने मर्क्युरी कंपनीसाठी अमेरिकन संगीताच्या अनेक रेकॉर्ड काढल्या.

1954 मध्ये आणखी एक पाऊल पडलं. ओटो ल्यूनिंग, डग्लस मूर आणि ऑलिव्हर डॅनियल यांनी ‘कंपोझर्स रेकॉर्डिंग्ज इन्कॉर्पोरेटेड’ ही कंपनी काढली, जी सीआरआय या नावाने ओळखली गेली. बाजारात खपणार नाही असं नवं संगीत छापणं हेच तिचं काम. ती 2003 मध्ये बंद पडली. तिच्या रेकॉर्डिंगचा साठा ‘न्यू वर्ल्ड रेकॉर्ड्स’ या ना-नफा संस्थेने सांभाळला, नाहीतर अर्ध्या शतकाचं संगीत गोदामात गेलं असतं.

मग 2004 आलं. पुलित्झरच्या मंडळाने संगीताचे नियम सैल केले. स्कोअर पाठवण्याची सक्ती गेली, आणि जाहीर सादरीकरणाऐवजी त्या वर्षात प्रसिद्ध झालेलं रेकॉर्डिंगही चालेल असं ठरलं. 2007 मध्ये जॅझवाले ऑर्नेट कोलमन आणि 2018 मध्ये केंड्रिक लमार यांना पुलित्झर मिळालं ते या बदलानंतर. शॉची वाटही याच नियमाने मोकळी केली. रेकॉर्डिंग हा रचनेचा पुरावा होता, आता रेकॉर्डिंग हीच रचना मानली जाऊ लागली.

जॅझ आणि रॅपसाठी हा न्याय झाला, यात वाद नाही. पण वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण त्याने कमी झाली नाही, उलट वाढली.

वीस मिनिटं, एकच संधी

बऱ्याच विद्यापीठांत ‘रीडिंग सेशन’ असतं. विद्यापीठाचा वाद्यवृंद किंवा पाहुणा गट बसतो, विद्यार्थ्याची रचना वीस-तीस मिनिटांत एक-दोनदा वाजवतो, आणि ते रेकॉर्ड होतं. न्यूयॉर्कमधली अमेरिकन कंपोझर्स ऑर्केस्ट्रा तरुणांसाठी 1991 पासून अशी रीडिंग्ज घेते. शिकण्यासाठी याहून चांगलं काही नाही. ट्रॉम्बोनने बासरीला कसं गिळून टाकलं, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या वीस मिनिटांत जास्त कळतं.

पण पहिल्यांदाच पाहिलेला कागद वाजवताना चुका होणारच. कुणीतरी एक मात्रा आधी शिरतो, व्हायोलिनवाले अवघड जागी अडखळतात. आणि अनेकदा विद्यार्थ्याच्या हातात त्या रचनेचं दुसरं काहीही नसतं. पुढची काही वर्षं तो तेच अडखळलेलं रेकॉर्डिंग जगाला पाठवत राहतो.

तेही पाठवता आलं तर. व्यावसायिक वादकांच्या संघटना आहेत, अमेरिकेत ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स’ ही मोठी. रेकॉर्डिंग सार्वजनिक करायचं तर वादकांना वेगळा मोबदला मिळावा, असा त्यांचा आग्रह असतो आणि तो रास्तच आहे. वादकाच्या घामावर फुकट प्रसिद्धी का मिळवायची? त्यामुळे व्यावसायिक वाद्यवृंदाच्या रीडिंगचं रेकॉर्डिंग पुष्कळदा ‘फक्त अभ्यासासाठी’ मिळतं. यूट्यूबवर टाकायचं नाही, अल्बममध्ये घ्यायचं नाही.

इथे विद्यापीठा-विद्यापीठातला फरक दिसतो. प्रिन्स्टनमध्ये ‘साउंड किचन’ नावाची मालिका आहे. तिथे पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या रचना नावाजलेले गट येऊन वाजवतात. ‘सो पर्कशन’ हा प्रसिद्ध तालवाद्य गट तर 2014 पासून तिथे निवासी कलाकार आहे. अशा ठिकाणी शिकणाऱ्याकडे पाच वर्षांत चांगली रेकॉर्डिंग्ज जमतात. छोट्या सरकारी विद्यापीठात शिकणारा मात्र वर्गमित्रांना पिझ्झाचं आमिष दाखवून, रिकाम्या वर्गात, मोबाइल स्टँडला लावून रेकॉर्ड करतो. परीक्षकाच्या हेडफोनमध्ये दोन्ही फाइल एकापाठोपाठ वाजतात. हुशारीतला फरक आणि मायक्रोफोनमधला फरक त्याने वेगळा कसा करायचा?

मग संगणकाकडूनच वाजवून घेतलं तर?

हा उपाय आता जवळजवळ सगळेच करतात. डिसेंबर 2022 मध्ये ‘म्यूझस्कोअर 4’ आलं. स्वरलेखनाचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि त्याच्यासोबत मिळणारे वाद्यांचे आवाजही फुकट. ‘नोटपरफॉर्मर’ नावाचं आणखी एक साधन स्कोअर वाचून बऱ्यापैकी जिवंत वाटेल असं वाजवून दाखवतं. उलट 35 वर्षं या क्षेत्रात राज्य केलेलं ‘फिनाले’ हे महागडं सॉफ्टवेअर कंपनीने ऑगस्ट 2024 मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं.

पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून सिम्फनी लिहू पाहणाऱ्यासाठी ही चैनच आहे. पण संगणकाची एक खोड आहे. त्याला लांब, गोड, सरळ स्वर छान जमतात. व्हायोलिनची तार धनुष्याने खरवडणं, बासरीत नुसती फुंकर सोडणं, दोन गायकांनी मुद्दाम किंचित बेसूर होणं, हे त्याला जमत नाही. संगणकावर वाईट ऐकू आलेला भाग विद्यार्थी खोडतो आणि चांगला ऐकू आलेला ठेवतो. म्हणजे काय लिहायचं हे हळूहळू सॉफ्टवेअरच ठरवू लागतं. शॉच्या ‘पार्टिटा’त कुजबुज आहे, उसासे आहेत, घशातले आवाज आहेत. ती रचना कुठल्याही प्लेबॅकवर निव्वळ हास्यास्पद वाटली असती. जिवंत माणसं समोर होती म्हणून ती सुचली आणि टिकली. काही स्पर्धा ‘संगणकाचं रेकॉर्डिंग चालणार नाही’ अशी अट घालतात ती यासाठीच. मात्र त्या अटीचा फटका नेमका ज्याच्याकडे वादक नाहीत त्यालाच बसतो.

ऑनलाइन टाकलं, पुढे काय?

पैसे मिळतील ही आशा सोडूनच द्यायची. 2024 पासून स्पॉटिफायचा नियम असा की मागच्या 12 महिन्यांत किमान 1,000 वेळा ऐकली न गेलेल्या ट्रॅकला छदामही मिळत नाही. शिवाय 30 सेकंद ऐकलं की एक ‘स्ट्रीम’ मोजली जाते, मग गाणं दोन मिनिटांचं असो की रचना वीस मिनिटांची. या हिशेबात शास्त्रीय संगीत पहिल्याच फेरीत बाद होतं.

ओळख मात्र मिळू शकते. यूट्यूबवर ‘स्कोअर फॉलोअर’ या चॅनलवर नव्या रचनांचं रेकॉर्डिंग आणि त्यासोबत पुढे सरकणारी स्कोअरची पानं दिसतात. जगभरचे विद्यार्थी ते पाहून शिकतात आणि आपली रचना तिथे यावी म्हणून धडपडतात. पण तिथेही तेच, आधी रेकॉर्डिंग हवं.

आता त्यात एआयची भर पडली आहे. विद्यार्थी कंपोझर्सचा आवडता अड्डा म्हणजे साउंडक्लाउड. या कंपनीने फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या अटींत एआयबद्दल एक वाक्य घातलं. मे 2025 मध्ये ते लोकांच्या लक्षात आलं आणि गदारोळ झाला. कलाकारांच्या संगीतावर आपण एआय मॉडेल घडवलेलं नाही, असं सांगत कंपनीला अटी बदलण्याचं आश्वासन द्यावं लागलं. मोठ्या कंपन्यांचं तसं नाही. सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर यांनी जून 2024 मध्ये ‘सुनो’ आणि ‘युडिओ’ या एआय कंपन्यांना थेट कोर्टात खेचलं. विद्यार्थ्याकडे वकील कुठून येणार?

त्यात हक्कांचा गुंताही आहेच. रचनेचा कॉपीराइट वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा. रचना साधारणपणे विद्यार्थ्याचीच असते. रेकॉर्डिंगवर मात्र वादक, हॉल आणि विद्यापीठ यांचाही दावा असू शकतो, आणि बऱ्याच ठिकाणी हे कागदावर लिहिलेलंच नसतं. म्हणून पहिल्या तालमीआधीच एका पानावर परवानगी घ्यावी : रेकॉर्डिंग कुठे वापरायचं, किती काळ, वादकांची नावं कशी द्यायची. यात विद्यापीठांनी पुढाकार घेतला तर खर्च शून्य आहे.

मुंबईचा एक कंपोझर

वनराज भाटिया हे नाव आपल्याला ‘अंकुर’मुळे, ‘तमस’मुळे, ‘भारत एक खोज’मुळे आणि लिरिलच्या जाहिरातीमुळे माहीत आहे. मुंबईत 1927 मध्ये जन्मलेले भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले, पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे शिकले, आणि परत येऊन दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवू लागले. पियानोसाठी, वाद्यवृंदासाठी त्यांनी आयुष्यभर लिहिलं, ऑपेराही लिहिला. त्यांच्या उमेदीच्या काळात मुंबईत पूर्णवेळ व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा नव्हता. एनसीपीएची ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ सुरू झाली 2006 मध्ये, तेव्हा भाटिया 79 वर्षांचे होते. मे 2021 मध्ये ते गेले. तेव्हा वाहिन्यांवर आणि सोशल मीडियावर वाजल्या त्या जिंगल आणि शीर्षकगीतं, कारण रेकॉर्डिंग त्यांची होती.