न खेळलेल्या खेळण्याचे मोल

पावणेचार इंच उंचीची, हाताने रंगवलेली प्लास्टिकची एक बाहुली 2024 साली अमेरिकेतील एका लिलावात 5 लाख 25 हजार डॉलरना विकली गेली. ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालेतील बोबा फेट नावाच्या, बक्षिसाच्या लोभाने माणसे पकडून देणाऱ्या शिकाऱ्याची ही प्रतिमा. तिच्या पाठीवर छोटा अग्निबाण असून तो स्प्रिंगच्या जोरावर उडतो. केनर कंपनीने 1979 मध्ये अशी बाहुली टपालाने देण्याचे जाहीर केले होते. परंतु त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातील बाण घशात अडकून एक मूल दगावले, आणि केनरने उडणारा बाण पक्का चिकटवूनच बाहुल्या पाठवल्या. उडणाऱ्या बाणाच्या ज्या मोजक्या नमुनाप्रती कारखान्याच्या वर्तुळात उरल्या, त्यांपैकी ही एक. म्हणजे जे खेळणे कधी दुकानात आले नाही आणि कोणत्याही मुलाच्या हाती पडले नाही, त्यालाच खेळण्यांच्या बाजारात अत्युच्च मोल मिळाले. हौसेला मोल नसते हे खरे. पण या हौसेचे मोल ठरवणारी यंत्रणा तपासून पाहण्याजोगी आहे.

25 मे 1977 रोजी ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला तेव्हा त्यातून खेळण्यांचा एवढा मोठा धंदा उभा राहील, असे फारसे कोणाला वाटले नव्हते. यंत्रमानव आणि अंतराळयाने असली तरी मुळात ती परीकथाच होती: बंदिवान राजकन्या, तेजस्वी तलवार, वृद्ध गुरू आणि काळ्या मुखवट्यातील दुष्ट सरदार. तिचे कर्ते जॉर्ज लुकास यांनी वस्तुविक्रीचे हक्क मात्र स्वतःकडे राखले होते. चित्रपटगृहातील गल्ल्यावर डोळा ठेवणाऱ्या निर्मितीसंस्थेला त्या हक्कांत विशेष काही दिसले नाही. मेगो या तेव्हाच्या नामांकित खेळणी कंपनीने परवाना नाकारला आणि सिनसिनाटीच्या केनरने तो घेतला. नाताळ आला तरी बाहुल्या तयार नव्हत्या. तेव्हा कंपनीने पुठ्ठ्याचे रिकामे पाकीट आणि एक प्रमाणपत्रच विकायला काढले. ते टपालाने पाठवले की पुढच्या वर्षी चार बाहुल्या घरी येणार होत्या. त्या 1977 च्या नाताळात असंख्य अमेरिकन मुलांना भेट म्हणून वचन मिळाले आणि पालकांनी त्याचे रोख पैसे मोजले. व्यापाराच्या इतिहासात याहून निर्मळ धाडस क्वचितच सापडेल.

केनरची खरी युक्ती बाहुलीच्या उंचीत होती. त्याआधी लढवय्या बाहुल्या फूटभर उंचीच्या असत. त्या मापाने अंतराळयान करायचे म्हटले तर ते दिवाणखान्यात मावले नसते. बाहुली पावणेचार इंचांची केल्याबरोबर यान करता आले, तळ करता आला आणि चार मजली ‘डेथ स्टार’ही घरात आला. त्याच्या तळमजल्यावर कचरा दाबणारे यंत्र होते, कचरा म्हणून स्पंजाचे रंगीत तुकडे होते आणि त्यांत दडून बसणारा राक्षसही होता. बाहुली स्वस्त झाली. स्वस्त झाल्यामुळे एकीवर भागेना. ज्या पुठ्ठ्यावर बाहुली चिकटवलेली असे, त्याच्या पाठीवर उरलेल्या बाहुल्यांची चित्रे छापलेली असत. प्रथम बारा, मग वीस, मग त्याहून अधिक. 1985 मध्ये ही मालिका थांबेपर्यंत बाहुल्यांची संख्या शंभराच्या घरात गेली होती. मुलाला संग्राहक बनवण्याचे काम त्या पुठ्ठ्याच्या पाठीने केले. आपल्याकडे काय आहे हे पाहण्यापेक्षा काय नाही हे मोजण्याची सवय तेथे लागली, आणि ती मुले आज पन्नाशी ओलांडली तरी मोजणी थांबलेली नाही.

मोठ्या माणसाने बालपणीचा ठेवा पुन्हा मिळवावा, यात हसण्यासारखे काही नाही. अशा संग्रहांमुळे एका काळच्या कारागिरीचा तपशील टिकून राहतो. ‘स्नॅगलटूथ’ नावाच्या एका पात्राचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्याचे फक्त कमरेपर्यंतचे छायाचित्र केनरच्या हाती आले. त्यावरून कलावंतांनी उंच, निळ्या पोशाखातील बाहुली घडवली. प्रत्यक्षात ते पात्र ठेंगणे आणि त्याचा पोशाख तांबडा होता. चूक दुरुस्त झाली. पण सीअर्स या दुकानसाखळीसाठी बनवलेल्या संचात निळी बाहुली गेली होती. ‘जावा’ या वाळवंटी भंगारवाल्याला आरंभी पातळ प्लास्टिकचा अंगरखा होता. एवढ्याशा बाहुलीला इतरांइतकीच किंमत घ्यायची तर ती केविलवाणी दिसू नये, म्हणून पुढे कापडी अंगरखा दिला गेला. आज निळ्या स्नॅगलटूथला आणि प्लास्टिकच्या अंगरख्याला मागणी आहे. त्या अंगरख्याच्या तर नकलाही निघतात. घाई, काटकसर आणि चुका यांचा हा इतिहास कंपन्यांच्या दप्तरांपेक्षा संग्राहकांनी अधिक निष्ठेने जपला आहे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील खेळण्यांच्या संग्रहालयाने 2012 मध्ये या बाहुल्यांना आपल्या मानाच्या यादीत स्थान दिले, ते उचितच होते.

गोष्ट बिघडते ती पुढच्या पायरीवर. संग्राहक बाहुली परीक्षण संस्थेकडे पाठवतो. तेथे पुठ्ठ्याचे कोपरे, प्लास्टिकच्या फुग्याचा पिवळेपणा आणि रंगाचा टवका भिंगातून पाहून शंभरपैकी गुण दिले जातात व बाहुली पारदर्शक पेटीत कायमची बंद होते. पाच गुणांच्या फरकाने किंमत दुप्पट-तिप्पट होऊ शकते. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातील दिवे आणि अडकित्ते पाहताना त्यांच्यावरील वापराच्या खुणांनी मन हलते. वस्तू कोणाच्या तरी संसारात होती हे त्या खुणा सांगतात. या बाजारात नेमक्या त्याच खुणांना दंड आहे. मुलाने दातांत धरलेली तलवार, अंगणात हरवलेले पिस्तूल, पायाखाली मोडलेला यानाचा दरवाजा हा दोष ठरतो. ज्या मुलाने खेळणे खेळण्यासारखे वापरले, त्याने नुकसान केले असा हिशेब मांडला जातो.

हा हिशेब पुढे मुलांच्याही वाट्याला आला. 1999 मध्ये मालेचा नवा चित्रपट यायचा होता तेव्हा 3 मेच्या मध्यरात्री अमेरिकेतील खेळण्यांची दुकाने उघडली गेली. रांगेत प्रौढ होते, आणि अनेकांनी एकेका बाहुलीच्या अनेक प्रती उचलल्या: एक उघडायला, बाकीच्या भविष्यासाठी. जुन्या बाहुल्या महाग झाल्या त्या मुलांनी मोडल्या आणि आयांनी टाकून दिल्या म्हणून. सर्वांनीच जपून ठेवलेल्या वस्तूला दुर्मिळता कोठून येणार? दुकानांत माल पडून राहिला, पुढे सवलतीत निघाला आणि ती गुंतवणूक अडगळीच्या खोलीत विसावली. धडा इतका उघड असूनही प्रत्येक नव्या चित्रपटाच्या वेळी तो विसरला जातो.

सर्वांत खटकणारी बाब याहून निराळी आहे. त्या बाहुल्यांच्या पायावर हाँगकाँग, तैवान किंवा मकावचे नाव ठशाने उमटवलेले असते. संग्राहक तो ठसा भिंगाखाली वाचतात. अक्षरांची जागा बदलली की नवा प्रकार नोंदवला जातो. मात्र त्या राईएवढ्या डोळ्यांवर ज्यांनी रंगाचे ठिपके भरले, त्यांच्याविषयी या अपार ज्ञानात जवळजवळ एक ओळही नाही. आपल्याकडेही हे अगदी परके नाही. एमआरएफ आणि अमेरिकेची हॅस्ब्रो यांनी 1987 मध्ये फनस्कूल ही कंपनी स्थापन केली. तिच्या गोव्यातील कारखान्यात ‘जी. आय. जो’च्या बाहुल्या होत असत. रंगसंगती अमेरिकन बाहुल्यांहून वेगळी पडल्यामुळे परदेशी संग्राहक त्यांना आवर्जून शोधतात. कोणता रंग कोणत्या बाहुलीला गेला याची चर्चा चवीने होते. गोव्यातील ज्या कामगारांनी त्या घडवल्या, त्यांना अजून कोणी काही विचारलेले नाही. त्यांपैकी अनेक जण आज हयात असतील. बाहुलीपेक्षा त्यांच्या आठवणी लवकर संपणार आहेत, हे परीक्षण संस्थांच्या गुणपत्रिकेत बसत नाही.

प्लास्टिक तरी कुठे कायमचे टिकते? डेथ स्टारमधील स्पंजाचा कचरा पेटीतल्या पेटीत भुगा होऊ लागतो, यानाचा पांढरा रंग पिवळा पडतो, मऊ अवयवांतून चिकट द्रव पाझरतो. केनरची नाममुद्रा आता हॅस्ब्रोकडे आहे. 2019 पासून या कंपनीने जुन्या बाहुल्यांसारख्याच बाहुल्या जुन्या धर्तीच्या पुठ्ठ्यांवर पुन्हा विकायला काढल्या. नव्याकोऱ्या पुठ्ठ्यांवर झिजलेल्या कडा आणि पडलेल्या घड्या छापखान्यातच छापून घेतल्या होत्या. ते पुठ्ठे विकत घेऊन, न उघडता, त्यांचे कोपरे दुमडू नयेत म्हणून संग्राहकांनी पेट्यांत ठेवले आहेत.