वर्क फ्रॉम होम आहे, मग पाळणाघर कशाला? कायदा काय सांगतो?

'तू घरूनच काम करतेस ना, मग पाळणाघर कशाला?' सांताक्रूझच्या वाकोला-कलिना भागात वन बीएचकेमधून लॅपटॉपवर नोकरी करणाऱ्या आईला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. बाबाला तो क्वचितच विचारला जातो. पण मिटिंग सुरू असताना दोन वर्षांच्या मुलाला भरवणार कोण?

कायद्यात काय आहे?
मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. त्यानंतर घरून काम करता येते. मात्र कामाचे स्वरूप तसे असेल आणि कंपनी राजी असेल तरच. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत.

अडते कुठे?
ऑफिसातले पाळणाघर घरून काम करणाऱ्यांच्या काय कामाचे? केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये यावर वाट आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठीचे हे पाळणाघर कामाच्या ठिकाणाजवळ किंवा कर्मचाऱ्यांच्या वस्तीत, ५०० मीटरच्या आत असावे, असे त्या सांगतात.

काय व्हावे?
कंपन्यांनी हा दुसरा पर्याय वापरावा. घराजवळच्या पाळणाघराची फी भरावी, तीही आई आणि बाबा दोघांसाठी. कर्मचारी घरी बसतो तेव्हा ऑफिसची जागा आणि वीज वाचते. त्या बचतीतला थोडा वाटा मुलांकडे वळवणे अवघड नाही.