शब्दकोड्यातील पाणी

मुलांनो, शब्दकोडे सोडवणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे पुष्कळ वडीलधाऱ्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. मात्र उत्तरे पाहून चौकटी भरणारा खरोखरच आपला वेळ वाया दवडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले शब्दकोडे आर्थर विन यांनी रचले. ते २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्रात छापून आले. इंग्रजी कोड्यात एका घरात एकच वर्ण बसतो. आपल्या मराठीत ‘पा’ किंवा ‘ब्द’ असे काना-मात्रा व जोडाक्षरांसह सबंध अक्षर एका घरात नांदते.

गेल्या उन्हाळ्यात माझी नात कोराडीस आली, तेव्हा मी तिच्यासाठी एक कोडे रचले. त्यातील साऱ्या शब्दांचे नाते ‘पाणी’ या एका शब्दाशी होते. आडवे सूत्र होते, ‘येथे पाणी मिळते, चार अक्षरे.’ तिने झटकन ‘पाणपोई’ लिहिले. पुढे उभे सूत्र आले, ‘कोराडीच्या वीज केंद्राशेजारचा जलाशय, तीन अक्षरे.’ उत्तर अर्थातच ‘तलाव’. पण त्यातील ‘व’ पहिल्या शब्दाच्या तिसऱ्या घरात येईना! बराच वेळ विचार करून तिने ‘पाणपोई’ खोडले आणि ‘पाणवठा’ लिहिले. “आजोबा, पाणपोई म्हणजे वाटसरूंसाठी आणि पाणवठा साऱ्या गावासाठी, होय ना?” तिने विचारले. हा भेद तिला कोणीही शिकवला नव्हता.

‘अपमान, पाच अक्षरे’ हे सूत्र मात्र तिला अडले. तिने मोबाइलवर उत्तर शोधले व ‘पाणउतारा’ लिहून टाकले. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही शब्द विचारले. पाणवठा तिच्या ध्यानी होता. पाणउतारा ती विसरली होती. मग मी विचारले, “मोत्याचे पाणी म्हणजे काय?” “तेज,” ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून उद्गारली, “म्हणजे पाणी उतरले की माणसाचे तेजच उतरते!” तो शब्द आता तिचा झाला.

त्या दिवशी मला माझीही चूक उमगली. वर्गात मी कित्येक वर्षे ‘पाणउतारा म्हणजे अपमान’ असे मुलांकडून पाठ करून घेत आलो. ते तरी उत्तरे पाहून चौकटी भरणेच नव्हते काय?

मोट, पोहरा, रहाट हे शब्द आज विहिरीवर फारसे ऐकू येत नाहीत. कोणी त्यांची चौकशीच केली नाही, तर ते केवळ कोशात उरतील. म्हणून मुलांनो, शब्द अडला तर प्रथम स्वतः विचार करा, मग घरातील आजी-आजोबांना विचारा, नंतर कोश उघडा. उत्तराचे पान सर्वांत शेवटी पाहा. रिकामे राहिलेले एखादे घर ही काही लाजेची गोष्ट नव्हे. न समजता भरलेले घर मात्र रिकामेच असते.