कुलपाचे चित्र

डोंबिवलीत कुणीही नवा फ्लॅट घेतला की आधी सेफ्टी डोअर बसते, बाकीचे सामान मग येते. कुलूप घ्यायला गेलेला गृहस्थ सहा लिव्हरचे की सात लिव्हरचे यावर दुकानदाराशी दहा मिनिटे हुज्जत घालतो आणि घरी येऊन तीनदा ओढून पाहतो. ठाण्या-कल्याणातही वेगळे काही नाही. मात्र याच घरांतली मुदत ठेव, विजेचे बिल, मालमत्ता कर, मुलाच्या प्रवेशाचे शुल्क हे सारे आता ज्या खिडकीतून ये-जा करते, त्या ब्राउझरला कडी कसली आहे हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलेच तर आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर मला एवढेच विचारतात, ‘सगळ्यात सेफ कुठला हो? क्रोम की फायरफॉक्स?’

या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. पण ‘सगळे सारखेच’ हे उत्तरही खरे नाही.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हा ब्राउझर म्हणजे नेटस्केप. पैशाचा व्यवहार गुप्त लिपीत करण्याची सोय या कंपनीनेच आणली होती. महिनाभरातच, सप्टेंबर १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या इयान गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी त्यातले वर्म दाखवून दिले. गुप्त किल्ली बनवताना हा ब्राउझर घड्याळातली वेळ आणि संगणकाच्या आतले एक-दोन क्रमांक घेत असे. म्हणजे कुलूप भक्कम, पण ते कधी बनवले हे कळले की किल्लीचे दाते ओळखता येत. नेटस्केपने दुरुस्ती केली. पण कुठला ब्राउझर चांगला याचे माप तेव्हापासून बदलले. भोक प्रत्येकात निघणार. ते किती लवकर बुजवले जाते, हे पाहायचे.

या मापाने इंटरनेट एक्स्प्लोररची कहाणी वाईट आहे. त्याची सहावी आवृत्ती २००१ ची आणि सातवी आली २००६ मध्ये. मधली पाच वर्षे, स्पर्धक उरला नाही म्हणून, कंपनी जवळपास स्वस्थ बसली. जून २००४ मध्ये खुद्द अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्राने दुसरा ब्राउझर वापरण्याचा पर्याय सुचवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फायरफॉक्स बाजारात आला. आपल्याकडे मात्र अनेक सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी ‘इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उत्तम दिसेल’ ही ओळ पुढे कित्येक वर्षे होती. नागरिकाने सुरक्षित खिडकी निवडायची म्हटली तरी सरकारी दार त्याच मोडक्या खिडकीतून उघडणार! तो ब्राउझर अखेर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला.

२००८ साली क्रोम आला आणि त्याने बांधकामाचीच पद्धत बदलली. पूर्वीचे ब्राउझर म्हणजे एका मोठ्या हॉलमध्ये मांडलेले दहा संसार. एकाकडे आग लागली की सगळ्यांचे जळणार. क्रोमने दर संसाराला भिंती घातल्या. २०१८ मध्ये तर निरनिराळी संकेतस्थळे आतून एकमेकांपासून पूर्ण वेगळी केली. फायरफॉक्सला तिथवर पोहोचायला २०२१ उजाडले. भिंतींच्या बाबतीत क्रोम बराच काळ पुढे होता, हे मान्य करायला हवे. पण चोर घरात शिरणे वेगळे आणि तुमच्याकडे कोण येते-जाते याची वही कुणी ठेवणे वेगळे. आपल्या मागावर राहणाऱ्या तिऱ्हाइतांच्या कुकीज फायरफॉक्सने २०१९ पासून आणि सफारीने २०२० पासून आपण होऊन अडवल्या. क्रोमने तसे करण्याचे २०२० मध्ये जाहीर केले आणि पुढे तो बेत सोडून दिला. जाहिरातीवर चालणाऱ्या घरचा ब्राउझर आहे तो. नवल ते काय?

आता आपल्याच देशातली एक गोष्ट सांगतो. जुलै २०१४ मध्ये असे उघड झाले, की नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर या केंद्र सरकारच्या संस्थेच्या प्रमाणपत्र-विभागाकडून गुगल आणि याहूच्या नावांची बनावट प्रमाणपत्रे निघाली आहेत. ब्राउझरमधले कुलपाचे चित्र अशा प्रमाणपत्रावर उमटते. ‘हे संकेतस्थळ खरोखर त्याच नावाचे आहे’ अशी ती हमी असते आणि हमी देणारा विश्वासू आहे की नाही, हे एका यादीवरून ठरते. भारत सरकारची हमी मायक्रोसॉफ्टच्या यादीत होती. म्हणून विंडोजवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर आणि तेव्हा विंडोजचीच यादी वापरणारा क्रोम यांना धोका होता. क्रोमने गुगलची स्वतःची संकेतस्थळे तेवढी वेगळी तजवीज करून वाचवली होती. फायरफॉक्सची यादी स्वतःची; तीत ही हमी नव्हतीच, त्यामुळे त्याच्या ग्राहकाला झळ लागली नसती. गुगलला २ जुलैला पत्ता लागला, दुसऱ्या दिवशी दिल्लीने आपली मधली प्रमाणपत्रे रद्द केली आणि १० जुलैला मायक्रोसॉफ्टने. कट्ट्यावरच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही. ब्राउझरची निवड म्हणजे आपल्या वतीने कुणावर विश्वास ठेवायचा, हे ठरवणाऱ्याची निवड. क्रोमनेही २०२२ पासून स्वतःची यादी ठेवायला सुरुवात केली, यातच सारे आले.

निवडीलाही आता फारशी जागा नाही. एज, ब्रेव्ह, ऑपेरा यांच्या आत क्रोमचेच यंत्र आहे. पाट्या वेगळ्या, चूल एकच. त्या यंत्रात भोक पडले की सगळ्यांनाच दुरुस्ती करावी लागते. मार्च २०२४ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या स्पर्धेत मान्फ्रेड पॉल या एकट्या तज्ज्ञाने क्रोम, एज, सफारी आणि फायरफॉक्स हे चारही फोडून दाखवले. फायरफॉक्सची दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी आली.

पण ती तुमच्या घरापर्यंत आली का? मला खरी काळजी या जागी वाटते. आपल्याकडे नवा फोन मुलाला, त्याचा जुना आईला आणि आईचा त्याहून जुना घरकामाच्या बाईंना, अशी उतरंड असते. क्रोमने २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ च्या फोनांना नव्या आवृत्त्या देणे थांबवले. तो फोन चालतो, त्यावर पैसेही पाठवता येतात. फक्त भोके बुजत नाहीत. विंडोज ७ वरही क्रोम २०२३ च्या आरंभी थांबला. फायरफॉक्सने मात्र त्या जुन्या संगणकांसाठी दुरुस्त्या त्यानंतरही चालू ठेवल्या. जुने यंत्र टाकून देण्याची ऐपत नसलेल्या घराला सर्वात वेगवान ब्राउझर कोणता याच्याशी कर्तव्य नसते. आपल्याला अजून कोण विचारतो, याच्याशी असते.

फसवणुकीचे म्हणाल तर ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ असा निरोप महावितरणच्या नावाने कुणाला आला नाही? त्यातल्या दुव्यामागच्या खोट्या पानावरही कुलपाचे चित्र असू शकते. पाकीट वाटेत फोडले गेले नाही, एवढेच ते चित्र सांगते. पत्ता चोराचा नाही असे सांगत नाही. लोकांचा हा गैरसमज जाईना म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकले. माझ्या मते अधिक कामाची युक्ती वेगळी आहे. पासवर्ड ब्राउझरला लक्षात ठेवू द्यावा. (अर्थात, फोनलाही कुलूप हवे.) रंग आणि बोधचिन्ह पाहून माणूस फसतो, ब्राउझर नाव अक्षरन् अक्षर जुळवतो आणि खोट्या पानावर पासवर्ड भरतच नाही. तो आपण होऊन भरला गेला नाही तर हात आखडावा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर जायला सांगितले, तेही नाव ओळखणे सोपे व्हावे म्हणूनच. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा.

सगळा भार ग्राहकावर टाकून भागणार नाही. माझ्या एका बँकेने मागे, पान उघडत नाही अशी तक्रार केल्यावर, ब्राउझरमधली अडवणूक बंद करा असा सल्ला दिला होता. जिन्याचा दिवा गेला म्हणून दार उघडे ठेवा म्हणण्यासारखेच हे! कल्याण-डोंबिवली महापालिकेने शतकाच्या सुरुवातीला कारभार संगणकावर आणला, तेव्हा राज्यातल्या इतर महापालिकांनी तो कित्ता गिरवला. आज तिने आणि ठाण्यानेही नागरी सुविधा केंद्रांत एक फलक लावावा : आमचे संकेतस्थळ चारही ब्राउझरवर चालते, आमचा खरा पत्ता हा, आणि तुमच्या फोनला शेवटची दुरुस्ती कधी मिळाली ते येथे तपासून मिळेल. खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला हे शिकवायला एक दुपार पुरेल.